डॉक्टरांकडे अडकलेलं बिल

३ तारीख, मंगळवार

पुन्हा हात हलवत परत! दातांच्या डॉक्टरांकडे ही माझी चौथी फेरी. दवाखान्याचं वायरिंग संपून दोन महिने झाले, शेवटचं बिल अजून त्यांच्या टेबलावरच. दर वेळी एकच उत्तर — "मॅडम, बिल स्वतः एकदा नीट वाचा." अहो, लिहिलंय मीच!

बाबा म्हणाले, "मी फोन करतो, थोडंफार सोडून देऊ." मुळीच नाही! तीस वर्षं त्यांनी सगळी कामं नुसत्या शब्दावर केली. धंदा माझ्या हातात आल्यावरचं हे पहिलं काम आणि पहिला लेखी करार — चौदा कलमं, सगळी माझ्या अकलेची. पैसे त्या कागदाच्या जोरावरच वसूल करणार.

५ तारीख, गुरुवार

वायरवाल्या काकांनी दुकानाच्या पायरीवरच अडवलं. "पोरी, आधीचं मिटव, मग नवा माल." सोळा तारखेला वाचनालयाचं काम सुरू करायचंय. वायर नाही मिळाली तर ते काम गेलंच — आणि तेही 'अर्ध्या भावात'कडे! (गावातला दुसरा वायरमन. त्याला खरं नाव असेलही. धंद्यात कुणाला माहीत नाही.)

बाबा आज पंधरा दिवसांसाठी ताईकडे गेले. बरंच झालं. जाता जाता, "फोन करू का?" केलंच.

९ तारीख, सोमवार

काल दिवसभर बिल वाचलं. बेरीज बरोबर. आमचा हिशेब पॉइंटवर — एक दिवा, एक पंखा, एक प्लग, प्रत्येकाचा एक पॉइंट. नंतर वाढवलेल्या नऊ पॉइंटच्या नऊ चिठ्ठ्या, डॉक्टरांच्या सहीसकट. मग डोकं कुठे आपटायचं? नवऱ्याला वाचायला दिलं. म्हणाला, "अक्षर छान आहे." धन्य!

शेवटी कलम सात सापडलं — वाद झाल्यास दोघांनी मिळून जागेवर पॉइंट मोजायचे. लगेच पत्र धाडलं.

१० तारीख, मंगळवार

डॉक्टर हो म्हणाले. "गुरुवारी या."

१२ तारीख, गुरुवार

काय दिवस!

मी टेस्टर घेऊन पुढे, डॉक्टर हातमोजे घालून मागे. खुर्चीत एक पेशंट आ करून बसलेला. आम्ही त्याच्या डोक्यावरचा दिवा मोजला, पायाजवळचा प्लग मोजला. तोंड उघडं ठेवूनच तो बोटांनी कोपऱ्यातला पंखा दाखवत होता — तोही राहू नये म्हणून! औषधांची खोली, एक्स-रेची खोली, मोरी. सगळं बिलाबरहुकूम. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

शेवटी बाहेरच्या दाराशी आलो. डॉक्टरांनी बेल दाबली, वाजली. "हिचे पैसे लावलेत?"

"हो. एक पॉइंट."

"आमच्या घरचं काम तुझ्या वडिलांनी केलं, मी तेव्हा सात वर्षांचा. बेलचे पैसे घेतले नव्हते त्यांनी. माझे वडील येईल त्याला दारात उभं करून सांगायचे — वायरमनने भेट दिली! म्हणून तर हे काम तुला दिलं. आणि तू बेल बिलात लावलीस?"

'मॅडम'वरून थेट 'तू'वर! डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. एका बेलसाठी दोन महिने रुसून बसलेला मोठा माणूस. आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. मी पेन काढून ती ओळ खोडली. त्यांनी उभ्या उभ्या चेक लिहिला, बाकी पूर्ण रकमेचा. आतून पेशंट "आँ आँ" करत होता.

१३ तारीख, शुक्रवार

काकांकडून वायर आली. चेक पाहून त्यांनी चहासुद्धा पाजला.

करारात पंधरावं कलम घातलं — "दारावरची बेल आमच्याकडून भेट. ही आमच्या पेढीची जुनी रीत आहे." शंभर प्रती छापून आणल्या. बाबांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. कधी बोलले नाहीत हे!

१७ तारीख, मंगळवार

कालपासून वाचनालयाचं काम जोरात. पंधरावं कलम वाचून तिथल्या बाई खूश. 'अर्ध्या भावात' दोनदा समोरून चकरा मारून गेला.

२१ तारीख, शनिवार

बाबा आले. सगळी हकीकत सांगून नवा करार हातात दिला. पंधरावं कलम त्यांनी दोनदा वाचलं.

"अगं, भेट कसली! त्या बेलची वायर मी चुकून स्वयंपाकघरातल्या दिव्यावरून घेतली होती. दिवा लावला तरच ती वाजायची. गिलावा होऊन गेला होता, भिंत परत फोडणार कोण? पैसे मागायची लाज वाटली मला. डॉक्टरच्या वडिलांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. धंद्यातलं जेमतेम दुसरं काम माझं ते. आणि तो माणूस येईल त्याला भेट म्हणून सांगत राहिला!"