आष्टीचा दिवा, जालन्याचं बटण

२ फेब्रुवारी
सेन्सर बसला – जन्नतबींच्या दिव्यावर. घर आष्टीच्या बाहेर, शेतात. विजेचा खांब तिथवर आलेलाच नाही. छपरावर छोटं सोलर पॅनल, खाली जुनी बॅटरी, एक दिवा. जपून वापरला तर रोज चार तास. नात नाजिया दहावीला आहे, त्यावरच अभ्यास करते.

त्यांना समजावलं: जालना स्टेशनसमोर आम्ही एक दिवा आणि बटण मांडतोय. कुणीही दाबावं. तुमचा दिवा चालू असेल तरच तिथला लागेल. "बराबर," म्हणाल्या. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

५ फेब्रुवारी
चाचणी. दुपारी बटण दाबलं की अंधार. आम्हाला हवा तसाच – वीज नसणं लोकांना कळावं म्हणून. म्हस्कू नावाचे आजोबा सहा वेळा दाबून म्हणाले, "आमच्या वस्तीवर बी असंच. बटन हाय, लाईट न्हाई." यांना काय समजावणार!

जन्नतबींना फोनवर सांगितलं, लोक येतायत, बटण दाबतायत. दिवा दिसला का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. 

८ फेब्रुवारी
तीन दिवस दिवा भर दुपारी लागतोय! दहा ते चार. संध्याकाळी सातला दाबलं तर अंधार. कोड दोनदा तपासला. चूक नाही. या मांडणीला पैसे देणाऱ्या संस्थेचे राधेश्याम सर खूश – उद्घाटनालाही असाच लागू दे म्हणे.

१० फेब्रुवारी
आष्टीला गेले. बाहेर लख्ख ऊन, घरात दिवा चालू. का, विचारलं.

"लोकं येऊन बटन दाबून राह्यले म्हन्ली ना तू. दारी आलेल्या माणसाला अंधार दाखवू का मंग?"

नाजियाला बाजूला विचारलं, संध्याकाळी वाचतेस कशावर? चुलीपुढं, म्हणाली. दादीला काही बोलू नका, हेही तिनंच सांगितलं.

बॅटरी मोजली. रोज पार उतरत गेली, आता चार्ज धरत नाही. पंधरा मिनिटं उजेड, मग संपलं. पहिला पेपर दहा दिवसांवर.

चूक माझी. सगळं समजावलं, फक्त अंधारच दाखवायचा आहे हे सांगायचं राहिलं. ते तोंडावर सांगायला मला अवघड गेलं होतं, हेही खरं.

१२ फेब्रुवारी
उद्या सकाळी उद्घाटन. सरांचे चार मिस्ड कॉल. स्टेशनसमोरच्या मांडणीतली बॅटरी माझ्या मांडीवर आहे – बारा व्होल्ट, नवी. आष्टीच्या बसनं आत्ताच परतूर सोडलं.