एक बदामी अंडं

प्रिय ताई,

हे पत्र लिहायला मी तिसऱ्यांदा बसते आहे. एकदा उठून पिल्लांचं पाणी बदलून आले, एकदा उगीचच फाटकापर्यंत जाऊन आले. तुम्ही लहानपणी माझं नाव भिंगरी ठेवलंत ते काही खोटं नाही. फोनच केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळ्या खोल्यांना कळतं, आणि बाबांच्या कानांना अजून काही झालेलं नाही. काल त्यांनी तुला सांगितलं ना, की पैज हरलो, रविवारी न्यायला ये? त्याबद्दलच लिहायचं आहे. पण मला सुरुवातीपासून सांगू दे.

ती पैज लागली तेव्हा मी शेजारीच बसले होते. दोनदा गॅस चालू राहिला, आणि मी दिवसभर लॅबमध्ये, म्हणून तू त्यांना तुझ्याकडे या म्हणत होतीस. त्यांचं एकच पालुपद, माझं डोकं शाबूत आहे, मी घर सोडणार नाही. मग म्हणाले, काळा कोंबडा आणि आपली शिंतोडी कोंबडी यांची अंडी उबवायला ठेवतो, पिल्लांचा रंग आजच सांगतो. सगळी राखाडी. एक जरी दुसऱ्या रंगाचं निघालं तर बॅग भरतो. तू हसत हसत हो म्हणालीस. तुला कोंबड्यांतलं काही कळत नाही म्हणून हसलीस. काळा कोंबडा आणि पांढऱ्यावर राखाडी शिंतोडे असलेली कोंबडी, या जोडीला राखाडीशिवाय दुसरं पिल्लू होतच नाही. काळ्या दगडावरची रेघ. बाबांनी हरता येणार नाही अशीच पैज लावली होती, आणि मला ते कळत असून मी तोंडात गुळणी धरून बसले.

मला मात्र ते हरायला हवे होते, ताई. हे तुला तोंडावर सांगता आलं नसतं. आमच्या लॅबची दुसऱ्या गावात नवी शाखा निघते आहे, आणि ती चालवायला मला विचारलं आहे. मला एकटीला. तुला सांगितलं नाही, बाबांना तर नाहीच. त्यांना एकटं टाकून कशी जाणार? सकाळी वाटायचं, नाही म्हणून कळवून टाकावं, आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत त्या नव्या जागेत यंत्रं कुठे ठेवायची याचा विचार करत असायचे. जिवाची नुसती घालमेल.

पैजेनंतर चारेक दिवसांनी बाबांनी पेटी लावली. तीच त्यांची थर्माकोलची पेटी, आत बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि ओलाव्यासाठी भिजवलेला स्पंज. अंड्यांच्या एका अंगाला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या अंगाला गोल, म्हणजे फिरवताना चूक नको. सकाळी सगळ्या फुल्या वर, संध्याकाळी सगळे गोल वर. हौस म्हणून मी झाकण उचललं आणि ते तसंच हातात धरून राहिले. शिंतोडी कोंबडी पांढरीशुभ्र अंडी घालते. आणि त्या पांढऱ्या अंड्यांत, कोपऱ्यात, एक बदामी अंडं.

म्हणजे दुसऱ्याच कोंबडीचं, त्यातून कुठल्याही रंगाचं पिल्लू निघेल. तू म्हणशील, त्यात काय एवढं. अगं, ज्या माणसानं जन्मभर रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा मिसळून दिली, त्याला बदामी आणि पांढरं कळू नये? आपल्या स्वयंपाकघराची भिंत आठव. रंगारी अर्धी भिंत ओढून मोकळा झाला होता आणि बाबा दारातूनच म्हणाले, दुसरा डबा पिवळसर आहे, परत कर. आपण दोघी डोळे फाडफाडून बघत होतो, आपल्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्या माणसानं बदामी अंडं स्वतःच्या हातानं पेटीत ठेवलं होतं आणि त्यावर व्यवस्थित फुली मारली होती. मला वाटलं, संपलं. ताईच बरोबर आहे, बाबांचं डोकं आता साथ देत नाही.

मला ते अंडं उचलून बाजूला ठेवता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. बाबा जिंकले असते, घरात राहिले असते. मी नाही उचललं. दोन वेळा हात आत घातला आणि दोन्ही वेळा दुसरीच अंडी फिरवून झाकण लावलं. एकीकडे त्यांच्यासाठी जीव तुटत होता आणि दुसरीकडे त्या नव्या शाखेच्या खिडक्या दिसत होत्या. पुढचे तीन आठवडे मला धड बसवलं नाही. लॅबमध्ये एका आजोबांच्या रक्ताच्या नळीवर एका आजींचं नाव लिहिलं, बरं की वेळेत सापडलं. बाबाही सारखे पेटीपाशी. दिवसातून पाच वेळा झाकण उचलायचे, आत बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, बाबा, ऊब जाते, सारखं उघडू नका. ते म्हणायचे, तू तुझं काम बघ, भिंगरे. आत पिल्लू धरलंय का ते अंड्यांमागे बॅटरी धरून बघायची वेळ आली तेव्हा मला खोलीतून चहा करायला पाठवलं. आत काय चाललंय ते दिसेना म्हणून मी दोनदा दूध उतू घालवलं.

परवा पिल्लं निघाली. एकामागून एक राखाडी, वाळल्यावर पावडरीच्या पफसारखी. सगळ्यात शेवटी, काल, त्या बदामी अंड्याला चीर गेली. बाबा स्टूल ओढून बसले होते, जेवायलाही उठले नाहीत. पिल्लू बाहेर आलं, ओलं, काही कळेना. वाळलं तेव्हा पिवळं धम्मक. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, कपाळावर हात मारला आणि म्हणाले, चुकलं गं, म्हातारा झालो, लाव ताईला फोन. मला रडू आलं. आणि खरं सांगते, रडता रडता सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

आज सकाळी शेजारच्या शिवणवाल्या काकू आल्या. टेप गळ्यातच होती. दारातून विचारतात, माझं कुठलं गं त्यातलं? मी म्हटलं, तुमचं कसलं? तर म्हणाल्या, अगं, बाबा माझ्याकडून अंडं घेऊन गेले नव्हते का? म्हणाले, काकू, तुमच्या पिवळ्या कोंबडीचंच द्या, पिवळ्या कोंबड्याचंच हवं, पिल्लू पिवळंच निघालं पाहिजे, नक्की ना? काकू पुढे म्हणाल्या, मी त्यांना म्हटलं, तुम्हाला मी काय सांगणार, रंगातलं तुम्हीच सांगा. तेव्हा बाबा म्हणाले, साखर तपासायला लॅबमध्ये गेलो होतो, तिथल्या शिपायानं विचारलं, मॅडम नव्या गावाला कधी निघणार? माझ्या पोरीनं मला सांगितलंसुद्धा नाही हो. तिच्या पायाची भिंगरी मीच धरून ठेवली आहे.

म्हणजे ताई, तीन आठवडे आम्ही दोघं एकाच अंड्यावर पहारा देत होतो. मी ते काढून टाकेन ही त्यांना भीती, आणि काढायलाच हवं हे मला टोचत होतं. पैज लावली तेव्हा त्यांना जिंकायचंच होतं. मग लॅबमध्ये ते कळलं, आणि जाऊन अंडं मागून आणलं. नुसतं 'मी ताईकडे जातो' म्हणाले असते तर मी जाऊ दिलं नसतं, हे त्यांना माहीत होतं. काकू गेल्यावर मी तडक त्यांच्या खोलीत निघाले होते, भांडायलाच. ते बॅगेत सदरे रचत शीळ घालत होते. आई गेल्यापासून त्यांची शीळ मी ऐकली नव्हती. मी दारातूनच परत फिरले. मी जाते आहे, ताई. लॅबला होकार कळवला.

आता एवढं सगळं कशासाठी लिहिलं ते सांगते. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहेस म्हणालीस, ती आधी रद्द कर. गॅस राहतो, चष्मा हरवतो, ते खरं आहे, तिकडे लक्ष ठेव. पण पिल्लाच्या रंगात ते चुकलेले नाहीत, पिवळंही त्यांनी आधीच ओळखलं होतं. कोंबड्या काकू सांभाळणार आहेत, पेटी मात्र त्यांच्याबरोबर येईल, तुझ्या गॅलरीत जागा कर. रविवारी आलीस की ते तुला पिवळं पिल्लू दाखवतील आणि पुन्हा कपाळावर हात मारतील. तेव्हा हसू नकोस, आणि मला कळलं आहे हेही कळू देऊ नकोस. होतं असं, बाबा, एवढंच म्हण आणि बॅग उचल. फार मेहनतीनं हरले आहेत गं ते. त्यांना नीट हरू दे.

तुझीच,
भिंगरी