गणपतच्या दुकानातील पट्टा

शनिवार, सायंकाळ. तळेगाव ढमढेरे.

गणपतच्या केशकर्तनालयात सर्वांची दाढी अर्ध्या ब्लेडने होते. जुना वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढून त्याला धार लावणे, हे केवळ माझ्यासाठी. निदान माझा तसा समज होता. आज पायरीवर पोहोचलो आणि आतून पट्ट्याचा सप्-सप् आवाज आला. मी तर बाहेर. मग हा कोणासाठी? खुर्चीत निवृत्त योहान मास्तर बसले होते.

मास्तर शिकलेले, मी चौथी पास. गावात त्यांना पहिली खुर्ची मिळते, त्याबद्दल मी कधीही तक्रार केली नाही. परंतु तो पट्टा माझा होता.

मास्तर गेल्यावर माझ्या गालाला साबण लावत गणपत हसला. "आबा, तोंड का पाडलंय? मास्तरच म्हणले, आबांचा गाल कसा तुळतुळीत असतो, तसाच माझा कर. लई दिस जळत व्हते तुमच्यावर!"

यावर मला समाधान वाटावयास हवे होते. घरी येईपर्यंत वाटलेही. परंतु तो सप्-सप् आवाज कानातून जात नाही. त्यांच्यासाठी पट्टा अधिक वेळ चालला काय?

उद्या रविवारी मास्तर प्रार्थनेहून परततील, तेव्हा वाटेत उभा राहीन. उन्हात त्यांचा गाल नीट दिसेल. माझा त्यांनाही दिसेल.