चालत्या नांगराला हार

२३ सप्टेंबर
माझ्या हाताखालच्या रुपेशने आज पुन्हा आमच्या शेतकऱ्यांच्या भाजीगटाचा सर्व्हर पाडला! सेटिंगच्या फाईलमध्ये एक कंस बंद करायचा राहिला आणि पठ्ठ्याने थेट रीस्टार्ट मारला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!
किती वेळा सांगायचं? चालू सेवा, म्हणजे ऑर्डरी घेणारा प्रोग्रॅम, आधी वाचलेल्या फाईलवर मुकाट चालत राहते. थांबवून उठवली की फाईल नव्याने वाचते, आणि तिथे चूक असली की उठतच नाही. म्हणून आधी तपासणी, मग रीस्टार्ट. "नंदिनीताई, एक कंसच त होता!" म्हणे.
सकाळच्या सगळ्या ऑर्डरी अडकल्या. नालवाडीचे शेतकरी भैय्याजी तोडलेली वांगी घेऊन थेट ऑफिसात. "हे घ्या, तुमच्या कम्प्युटरले खाऊ घाला." मला हसूही आलं, लाजही वाटली.

२४ सप्टेंबर
पुण्याहून फोन. नोकरी पक्की, दसऱ्यानंतर हो की नाही कळवा. म्हटलं, माझ्यामागे सर्व्हर सांभाळणारा तयार झाला की लगेच येते. रुपेशकडे बघता सात जन्म लागतील.

२७ सप्टेंबर
तपासणीची कमांड रुपेशकडून पाढ्यासारखी म्हणून घेतली. "आता झोपेतही म्हनून राह्यलो, ताई." बघू!

३० सप्टेंबर
रुपेश आईवडिलांना घेऊन नागपूरला गेला, दीक्षाभूमीवर. जाता जाता झेंडूच्या ऑर्डरीसाठी फाईल बदलून गेला. "रीस्टार्ट नाई केला, ताई. तुम्ही करजा." म्हणजे बॉम्ब ठेवून गेला. उद्या निवांत बघते.

१ ऑक्टोबर, नवमी
कसलं निवांत! मी पूजेचा नारळ घेऊन येते तो सर्व्हर बंद. आमच्या भाजीगटाचे अध्यक्ष अण्णाजी हातात हळदकुंकू घेऊन उभे.
"अण्णाजी, बंद काऊन केला?"
"चालत्या नांगराले कोनी हार घालते काय? औजार थांबवूनच पूजा होते, बाई."
आता उठताना रुपेशची नवी फाईल वाचणार. तिच्यात चूक असली तर शोधण्यात दिवस जाणार, आणि दसऱ्याची सकाळ सरली की झेंडूला कोण विचारतं? शेतात फुलं तशीच राहतील. रुपेशचा फोन लागेना, तिकडे गर्दीच तेवढी.
मशीन सुरू केलं. सेवा उठवण्याआधी तपासणीची कमांड दिली.
एकही चूक नाही!
सेवा उठली. ऑर्डरी धो धो येऊ लागल्या. अण्णाजींनी माझ्याच हातात प्रसाद दिला. आणि मी? मला चक्क वाईट वाटलं.

२ ऑक्टोबर
रुपेशचा फोन लागला एकदाचा. "तपासूनच गेलतो, ताई. आता तुम्ही बिनधास्त जा पुन्याले."
पाजी कुठला! आत्ताच शहाणं व्हायचं होतं?

३ ऑक्टोबर
पुण्याला नकार कळवला. त्यांनी कारण विचारलं. रुपेशचं नाव पुढे करायची सोय उरली नव्हती. म्हटलं, मला इथेच राहायचं आहे.