भिंतीला बांधलेली कपाटं

बाबा, मागच्या महिन्यात आपल्या नागपुरात जमीन हलली. फार नाही, काही सेकंदच. दुपारची वेळ होती, कॉलेजच्या लायब्ररीत पोरं परीक्षेचा अभ्यास करत बसली होती आणि मी काउंटरवर होते. आधी ट्यूबलाइट हलायला लागली, मग खिडक्यांच्या काचा खडखडल्या. मी ओरडले, "टेबलाखाली!" वर्षातून दोनदा मी हा सराव करून घेते म्हणून पोरं मला हसतात, पण त्या दिवशी एकही जण जिन्याकडे धावला नाही. भिंतीकडची जुनी रॅकं जागची हलली नाहीत. नवीन आलेलं एक रॅक तेवढं भिंतीला बांधायचं राहिलं होतं, चूक माझीच. ते पुस्तकांसकट आडवं झालं आणि समोरच्या खुर्चीची पाठ मोडली. त्या खुर्चीवरची मुलगी तेव्हा टेबलाचा पाय धरून खाली बसलेली होती. काटोलची आहे, रोज बसने येते. मैदानात आल्यावर तिने आईला फोन लावला, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून तो माझ्या हातात दिला. पोरगी ठीक आहे, असं मी तिच्या आईला सांगितलं. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे.

मराठवाड्यात भूकंप झाला त्या वर्षी मी दहावीत होते. तुम्ही लाकडगंजात सुतार मिस्त्री होतात. तिकडे पत्र्याच्या घरांना दारं बसवायला माणसं हवीत असं कळलं, तशी हत्यारांची पेटी उचलून तुम्ही गेलात आणि दोन महिन्यांनी परत आलात. आईने खूपदा विचारलं तेव्हा एवढंच सांगितलं, की एका घराच्या भिंती शाबूत होत्या, पण आतलं कपाट पलंगावर पडलं होतं. पलंगावर कोण होतं, ते आईने विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही सक्करदऱ्याचं आपलं दोन खोल्यांचं घर उलटंपालटं केलं. लोखंडी कपाट पट्टी लावून भिंतीला आवळलं. गॅसच्या सिलेंडरला साखळी घातली. आईने घासून फळीवर मांडलेले पाण्याचे पितळी गुंड खाली आले, तेव्हा तिने भांड्यांची आदळआपट केली. नागपुरात कुठला आला भूकंप, म्हणून शेजारचे काका हसले. तुम्हीही हसलात आणि त्यांचंही कपाट बांधून दिलंत. मग आम्हा दोघा भावंडांना टेबलाखाली बसवून शिकवलंत, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरायचा, टेबल सरकलं तर आपणही सोबत सरकायचं. उशाशी चपला ठेवायच्या, काचा फुटल्या तर पाय कापू नये म्हणून. मला या सगळ्याची शरम वाटायची. मैत्रिणींना घरी आणायचं मी बंद केलं.

एकदा जागा नाही म्हणून मी माझ्या पुस्तकांची पेटी पुन्हा कपाटावर चढवली. खाली भाऊ झोपलेला. तुम्ही कामावरून येता, वर बघता, पाणीही न पिता पेटी उतरवता. तुम्ही कधी रागवायचा नाहीत, म्हणून तो आवाज माझ्या कानात अजून आहे. "काहून ठेवली वं इथं? झोपल्या माणसाले उठाले वेळ तरी भेटते का?" मी रडले. दुसऱ्या दिवशी आरा मशीनवरच्या उरलेल्या लाकडाची एक बुटकी, रुंद मांडणी तुम्ही माझ्यासाठी करून आणलीत. ती आजही माझ्याकडे आहे.

मग मला लायब्ररीत नोकरी लागली. पुस्तकांच्या ढकलगाडीचा धक्का लागला की रॅकं डुलतात, असं मी जेवताना सहज बोलून गेले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तुम्ही सायकलवर पेटी बांधून कॉलेजात हजर. आमच्या साहेबांची परवानगी स्वतःच काढलीत. शर्टाला भुसा होता. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, "ओळखीचे मिस्त्री आहेत."

तुम्ही स्टुलावर होतात, भिंतीकडे तोंड करून. थोड्या वेळाने मागे न वळता म्हणालात, "मॅडम, जरा पट्टी धरता का?" मी धरली. संध्याकाळपर्यंत सगळी रॅकं बांधून झाली. जड ग्रंथ तुम्ही माझ्याकडून खालच्या कप्प्यात लावून घेतलेत. घरी जेवायला बसल्यावर आईला सांगितलंत, "हिच्या लायब्ररीची भिंत पक्की हाये. आता मले काळजी नाही."

तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. परवा ते आडवं झालेलं रॅक बांधायला नवा मिस्त्री आला. तुमच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत त्याने विचारलं, हे कोणाचं काम? माझ्या वडिलांचं, असं मी सांगितलं तेव्हा ती काटोलची मुलगी तिथेच पुस्तक परत करत होती. तिने मान वर करून पट्ट्यांकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. तुम्ही मॅडम म्हणालात ते मला वाचवायला की तुम्हाला लागलं म्हणून, हे मला विचारायचं होतं. त्यानंतर तुम्ही होतात ती सहा वर्षं रोज सोबत जेवायला बसलो, बाबा, आणि मी विचारलं नाही.