डाळिंबाच्या कुळाची दुरुस्ती

मी, शिवलिंग वीरभद्र शेटे, वय ६८, वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार चौसाळा, तालुका व जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट वकील अर्जुनराव तीनदा म्हणाले, "सर, थोडक्यात लिवा." मी तार करायला बसलेलो नाही.

कलम १. आमच्यातील रीतीप्रमाणे मला पुरावे, पत्नी मल्लम्माच्या समाधीशेजारी. तिथल्या मेंदीच्या झुडपाला कुदळ लागू देऊ नये. ते मी लावले आहे. तिच्या हातावर मेंदी लई रंगायची.

कलम २. राहते घर मुलगा सिद्धाराम यास. बँकेतील ठेव सिद्धाराम व मुलगी कावेरी यांना निम्मी निम्मी. पुढच्या खोलीत सिद्धारामला एसटीडी बूथ काढायचा आहे, खुशाल काढावा. पण तिथली माझी दोन लोखंडी कपाटे भंगारात घालायची भाषा त्याने ऐन दिवाळीत केली, ती मी विसरलेलो नाही.

कलम ३. सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेतील माझे जुने सहकारी हरिबा यांस. बालाघाटच्या डोंगरात धायटीच्या फांद्यांसाठी ते माझ्याबरोबर अनवाणी चढले आहेत. बंकटराव या सहकाऱ्याने १९८३ साली नेलेला माझा वनस्पतिकोश बंकटरावांकडेच राहू द्यावा. मात्र तो स्वतःचा म्हणून पाहुण्यांना दाखवू नये.

कलम ४. कपाटांत वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचे ४१२ नमुने आहेत. बहुतेक मेंदीच्या कुळातले: मेंदी, धायटी, तामण. ते सर्व कावेरीला. कारण सांगणे भाग आहे, आणि ते माझ्या फायद्याचे नाही.

१९७९ साली कावेरी आमच्याच महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेसाठी तिने डाळिंबाचा नमुना लावला आणि चिठ्ठीवर कूळ लिहिले 'मेंदीचे'. पुस्तकात डाळिंबाला वेगळे कूळ दिलेले होते. शिंगाड्यालाही वेगळे. मी विचारले, मेंदीचे फळ मिरीएवढे, डाळिंब मुठीएवढे, बीजाशयाची जागासुद्धा निराळी, हे एका कुळात कसे? ती म्हणाली, "अप्पा, फळ नका बघू. कळी फोडून बघा. दोन्हींच्या पाकळ्या आत सारख्याच चुरगळलेल्या हायत. फळ मागून बदललं असंल."

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "शेटेसाहेब, पोरीनं कारणं दिलीत. दोन गुण देऊ." मी म्हणालो, "माझी मुलगी आहे म्हणून देऊ नका." दुसऱ्याची मुलगी असती तर मी हो म्हटले असते. दोन गुणांनी तिचा पहिला वर्ग हुकला, विद्यापीठातला प्रवेश गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न वडवणीला झाले. परीक्षक काय म्हणाले ते मी तिला कधीच सांगितले नाही.

आमच्या कामात एक रीत आहे. नमुन्याचे नाव चुकले तर जुनी चिठ्ठी फाडायची नाही, खोडायची नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावायची, त्यावर ओळखणाऱ्याचे नाव आणि साल. मी तिच्या चिठ्ठीवर लाल शाईने काट मारली. तीस वर्षांच्या नोकरीत तेवढी एकच.

यंदा एका जुन्या विद्यार्थ्याने पुण्याहून परदेशी नियतकालिकातला लेख पाठवला. आता झाडांची कुळे पानांतल्या जनुकांची अक्षरे जुळवून ठरवतात म्हणे. त्यात डाळिंब मेंदीच्या कुळात आहे. शिंगाडाही. पूर्वज एकच, फळे मागाहून वेगळी झाली. मी तो लेख चारदा वाचला. डाळिंबाच्या नमुन्यावर दुरुस्तीची चिठ्ठी मी लावली आहे. माझ्या पश्चात कावेरीने ती वाचावी.

इथवर लिहून मी अर्जुनरावांना दाखवले. ते म्हणाले, "सर, हे तुमी गेल्यावर वाचणार. ताई वडवणीला हाय, एसटीनं जाऊन यायला एक दिवस. कावून थांबता?" मी सही चार दिवस लांबवली आणि पुढील कलम जोडले.

कलम ५. मी नमुना घेऊन वडवणीला गेलो. कावेरीची डाळिंबाच्या कलमांची रोपवाटिका आहे. मातीच्या हातांनी तिने कागद धरला नाही, आधी हात धुऊन आली. लेखाचे सांगितले, परीक्षकांचेही सांगितले. ती म्हणाली, "वीस वर्षं मला वाटायचं, माझंच चुकलं. तरी दर बहाराला एक कळी फोडून बघायची सवय काय गेली न्हाई."

मी म्हणालो, "कावेरी, मी तुझं वाटोळं केलं." ती नवी चिठ्ठी वाचू लागली. त्यावर मी लिहिले होते: कूळ मेंदीचे, ओळख शि. वी. शेटे, १९९९. तिने बोट ठेवून विचारले, "अप्पा, हे तुमी ओळखलं?"

या वयातही मी स्वतःचेच नाव घातले होते. लाज वाटली, ती इथे नमूद करतो. तिथेच आणखी एक चिठ्ठी लिहिली: ओळख कावेरी शिवलिंग शेटे, १९७९. माझी चिठ्ठी काढू लागलो तर तिने हात धरला. "राहू द्या. रीत हाय न्हवं?" ही तिसरी चिठ्ठी तिने स्वतः चिकटवली.

तो नमुना आता तिच्याकडे आहे, माझ्या मिळकतीत धरू नये. उरलेले ४११ कपाटांसकट न्यायला ती सोमवारी टेम्पो घेऊन येणार आहे. कपाटे उचलायला सिद्धारामने हात लावावा. कलम ४ त्यामुळे निरुपयोगी झाले आहे, पण ते मी खोडलेले नाही. शेजारी हे लावले आहे.

ठिकाण: चौसाळा
दिनांक: २ डिसेंबर १९९९

(सही) शिवलिंग वीरभद्र शेटे

आमच्या समक्ष सही केली, सही करताना हात स्थिर होता:
१. (सही) बिभीषण रामराव डोंगरे, चौसाळा
२. (सही) सुग्रीव नामदेव घुले, बीड