फ्रीझरमधली म्हातारी

प्रिय ठकू,

पत्र बघून तू आधी कपाळावर हात मारशील, ताईला फोन करायला काय झालं होतं म्हणून! काही झालं नव्हतं गं. पण आईचा विषय निघाला की तू फोन ठेवून देतेस आणि मी वेड्यासारखी तो कानाला लावून बसते. पत्रही बाजूला ठेवशील म्हणा, पण तुझा चौकस स्वभाव मला ठाऊक आहे. पुन्हा उघडशीलच.

इकडे लॅब आहे तशीच आहे. खिडकी अजून लागत नाही, आणि मोठ्या मॅडम निवृत्त होते होते म्हणत खुर्ची काही सोडत नाहीत. आमच्याकडे एक पद्धत आहे. जंतू मारणारी औषधं लावलेल्या कागदाच्या नव्या चकत्या आल्या की त्या आधी बशीत वाढवलेल्या ओळखीच्या जंतूंवर तपासायच्या. साधा जंतू असला तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो, म्हणजे तिथला जंतू मेला. शिवाय ज्याच्यावर चकती चालतच नाही असा एक अट्टल जंतूही लागतो. तो आम्ही फ्रीझरमध्ये जपून ठेवलाय. एका वयस्कर बाईच्या रक्तात सापडला, म्हणून मुली त्याला म्हातारी म्हणतात. आज म्हातारीला उठवायचंय, असं सकाळी कुणीतरी ओरडतं आणि सगळ्या हसतात. मीही हसते. ती बाई आपली आई होती, हे मोठ्या मॅडमशिवाय तिथे कुणालाच माहीत नाही.

ठकू, तिला मीच उठवते. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन होत नाही. दुसऱ्या दिवशी बशीचं झाकण काढलं की त्या जंतूचा वास येतो. आईचे कपडे आपण देऊन टाकले, तिचा चष्मा कुठे गेला देव जाणे. तिच्या अंगातलं जिवंत असं एवढंच उरलंय, आणि तेही तिचा जीव घेणारं. कधीकधी तिने मागून हाक मारल्यासारखं वाटतं. वळून बघते तर फ्रीझर घुरघुरत असतो. ताईचं डोकं फिरलंय म्हण हवं तर.

भारीतलं औषध का देत नाही, म्हणून तू तेव्हा डॉक्टरांशी कडाकडा भांडलीस. अगं, देत होते. औषधाचे तुकडे करणारं एन्झाइम जंतू बनवतात, म्हणून त्या औषधाबरोबर एक जोडीदार देतात. तो त्या एन्झाइमच्या तोंडात बोळ्यासारखा अडकून बसतो, आणि मुख्य औषध आपलं काम उरकतं. आईच्या जंतूचं एन्झाइम बदललेलं होतं. बोळा त्याच्या तोंडात बसेचना. हे आम्हाला कळलं तोवर ती डोळेही उघडत नव्हती.

तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरल्याचं कळलं आणि माझी झोप उडाली. असे जंतू घरातल्या धडधाकट माणसांच्या आतड्यातही मुकाट राहू शकतात, काही त्रास न देता. म्हणून मी कुणाला न सांगता माझ्याच शौचाचा नमुना तपासायला लावला. उगवला. तोच जंतू, जोडीच्या औषधाच्या चकतीला अगदी चिकटून. मी तर आईकडे फक्त सुटीला यायचे. तिचं अंग पुसणं, चादरी बदलणं, तिला भरवणं, सगळं तू केलंस. आता ऑपरेशनच्या वेळी तुला बहुतेक तेच जोडीचं औषध देतील आणि निर्धास्त राहतील. तेव्हा लाजबीज गुंडाळून ठेव, आधी शौचाची तपासणी करून घे आणि हे पत्र तुझ्या डॉक्टरांच्या हातात दे. माझ्यावर चीड, मला शिव्या घाल, पण दे. मला फार भीती वाटतेय गं. आई गेली तेव्हा गळ्यात पडून रडायला मला तू होतीस. तुला काही झालं तर मी कुणाकडे जाऊ?

तुझ्या फोनकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
ताई